कपाटाच्या यादीसाठी एक खिडकी

गेल्या वर्षी काही महिने आपल्या मंडळाच्या यादीत ‘कोसला’ कुसुमाग्रजांच्या नावावर होती आणि ‘विशाखा’ भालचंद्र नेमाड्यांच्या. हसू नका. यादी एक्सेलमध्ये होती. कुणीतरी पुस्तकांच्या नावांचा रकाना निवडून तो अकारविल्हे लावला आणि शेजारचा लेखकांचा रकाना होता तिथेच राहिला. एक्सेल अशा वेळी विचारतंही, की बाजूचे रकाने सोबत घेऊ का? पण घाईत आपण विचारलेलं वाचत नाही. सेव्ह केलं, बंद केलं, गेलं. पुढच्यानं त्याच फाइलमध्ये नवी पुस्तकं भरली, म्हणजे मागे फिरायची वाटही बंद.

एरवी ही गंमत म्हणून सांगून सोडून दिली असती. पण याच वर्षी मंडळाची खोली रिकामी करायची ठरली. कॉलेजच्या मुख्य ग्रंथालयानं आपली पुस्तकं घ्यायची तयारी दाखवली, एकच अट घातली: नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष अशी नीट यादी सत्र संपायच्या आत हवी. यादी नसेल तर पुस्तकं खोक्यांत. खोक्यांत गेलेल्या मराठी पुस्तकांचं हैदराबादमध्ये पुढे काय होतं, ते आबिड्सच्या फुटपाथवर दर रविवारी दिसतं. गनफाउंड्रीच्या सेंट जोसेफ कॅथेड्रलमध्ये मिसा संपली की मी आणि पप्पा चालत तिकडे जातो. बंद दुकानांच्या पायऱ्यांवर, इंजिनिअरिंगच्या गाइडांच्या ढिगाखाली, कुठल्या तरी वाचनालयाचा गोल शिक्का असलेलं एखादं मराठी पुस्तक हमखास सापडतं. १९५६ साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून गेला, पण सुलतान बाजार, इसामिया बाजार, काचीगुडा भागातली मराठी कुटुंबं इथेच राहिली. त्यांची पुस्तकं मात्र पिढी बदलली की फुटपाथवर येतात. आपलं कपाट तिथे जाऊ नये असं मला फार वाटलं.

मी साहित्याची विद्यार्थिनी. बारावीनंतर गणिताशी माझा संबंध किराणा बिलापुरता. तरी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला, ज्यात खिडकी उघडते, चार रकाने दिसतात, ‘जतन करा’ असं बटण असतं आणि पुस्तकाची माहिती एका ओळीत कायमची बांधली जाते; लेखक एकीकडे नि पुस्तक दुसरीकडे असं होतच नाही. हे कसं केलं, कुठे आपटले, ते इथे लिहिते. संपादकांनी हा अंक पूर्ण देवनागरीत काढायचं ठरवल्यामुळे कोडची एकही ओळ इथे छापता येणार नाही. कोड मंडळाच्या कॉम्प्युटरवर आहे. इथे फक्त डोक्यात काय बसायला हवं तेवढं.

पहिला प्रश्न सगळे विचारतात: कुठली भाषा? मी पायथॉन घेतली, कारण फुकट आहे आणि वाचायला सोपी आहे. (फुटपाथवरून शंभर रुपयांना व्हिज्युअल बेसिक ६ चं एक जाड पुस्तकही आणलं होतं, मागे सीडी चिकटवलेली. ते व्हर्जन १९९८ चं. सीडी लावायला माझ्याकडे ड्राइव्हच नाही. पण त्यातली एक कल्पना कामाला आली, ती पुढे सांगते.) पायथॉनसोबत टीकिंटर नावाची पेटी येते. टीके म्हणजे टूलकिट, खिडक्या-बटणं बनवायचं सामान. ते जॉन ऑस्टरहौट यांनी बर्कलीला असताना तयार केलं, आणि टीकिंटर हा पायथॉनमधून त्या सामानाला हात लावायचा दरवाजा. विंडोजवर पायथॉन टाकलं की हे आपोआप येतं. उबुंटूवर ते वेगळं मागवावं लागतं, नाहीतर पहिल्याच ओळीला ‘असलं काही नाही’ असा एरर येतो आणि माणूस घाबरतो. पायथॉन टाकताना पहिल्याच पानावर खाली ‘पाथ’ची एक चौकट असते, तिच्यावर खूण करायला विसरू नका; विसरलात तर काळ्या पडद्यावर पायथॉन लिहून ते ओळखलंच जात नाही.

पहिली खिडकी आठ-दहा ओळींत होते. एक लेबल, म्हणजे नुसती अक्षरं. एक एन्ट्री, म्हणजे टाइप करायची चौकट. एक बटण. आणि शेवटी मेनलूप. ही शेवटची ओळ लिहिली नाही तर खिडकी क्षणभर चमकून जाते, किंवा दिसतही नाही.

मेनलूप समजलं की अर्धं काम झालं, म्हणून इथे जरा थांबते. शाळेत आपण जे प्रोग्राम लिहिले ते पत्रासारखे होते: वरून सुरू, खाली सही, संपलं. खिडकीचा प्रोग्राम तसा नसतो. तो इराणी हॉटेलातल्या वेटरसारखा असतो. सकाळी फडकं खांद्यावर टाकून उभा राहतो आणि वाट बघतो. पाच नंबरच्या टेबलानं हाक मारली की तिकडे जातो, ‘दो चाय, एक उस्मानिया’ आत कळवतो, परत येऊन उभा. कोण कधी हाक मारेल हे त्याला ठाऊक नसतं आणि असायची गरजही नसते. हाक म्हणजे इव्हेंट: बटण दाबलं, अक्षर टाइप केलं, खिडकी मोठी केली. मेनलूप म्हणजे ते उभं राहणं. तुम्ही प्रोग्रामभर फक्त एवढंच लिहून ठेवता, की या टेबलानं हाक मारली तर हे काम कर. त्या जुन्या व्हिज्युअल बेसिकच्या पुस्तकात पहिल्या प्रकरणात हेच सांगितलेलं होतं. सीडी नसली तरी शंभर रुपये वसूल.

आता माझी पहिली आपटी. बटण बनवताना त्याला सांगावं लागतं की दाबल्यावर कुठलं फंक्शन चालवायचं. मी फंक्शनचं नाव लिहिलं आणि सवयीनं पुढे कंस उघडून बंद केला. झालं काय, खिडकी उघडायच्या आधीच रिकाम्या नावाचं एक पुस्तक जतन झालं आणि नंतर बटण कितीही दाबलं तरी काही नाही. दोन दिवस मी बटणाला दोष देत होते. चूक अशी: नुसतं नाव लिहिलं तर वेटरला सांगितल्यासारखं होतं, ‘हाक आली तर या स्वयंपाक्याला सांग.’ कंस लावला तर मी स्वयंपाक्याला आत्ताच चहा करायला लावला, आणि वेटरच्या हातात स्वयंपाक्याचं नाव न देता रिकामा कप दिला. नवशिक्यांपैकी जवळजवळ प्रत्येक जण इथे आपटतो असं मला नंतर सांगण्यात आलं. बरं वाटलं.

दुसरी गोष्ट पॅकची. वस्तू बनवली म्हणून खिडकीत दिसत नाही, ती कुठे ठेवायची ते सांगावं लागतं. टीकिंटरमध्ये त्याच्या दोन मुख्य पद्धती. पॅक म्हणजे एकाखाली एक रचत जाणं, डब्यांसारखं. ग्रिड म्हणजे ओळ आणि रकाना सांगून ठेवणं, कॅलेंडरसारखं. यादीच्या फॉर्मसाठी ग्रिडच बरी, कारण ‘लेखक’ हे लेबल आणि त्याची चौकट एका रेषेत येतात. एकाच चौकटीत दोन्ही मिसळायच्या नाहीत; प्रोग्राम भांडतो. आणि एन्ट्री बनवणं व ती पॅक करणं एकाच ओळीत उरकून ते नावात साठवलं, तर त्या नावात एन्ट्री राहत नाही, ‘नन’ राहतं, म्हणजे काहीच नाही. पुढे त्या एन्ट्रीतली अक्षरं मागितली की एरर येतो, की ‘नन’जवळ तसलं काही नसतं. आमच्या लॅबमध्ये हा एरर मी मोठ्यानं वाचला तेव्हा दारात नेमक्या सिस्टर उभ्या होत्या. तर दोन ओळी करा: एका ओळीत बनवा, दुसरीत ठेवा.

खरं सांगायचं तर कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी कागदावर खिडकी काढा. मी काढली नाही आणि तीनदा सगळं मोडलं. कागदावर काढली तेव्हा लक्षात आलं, की ‘परत आलं’ हे बटण हवं आहे, आणि ‘काढून टाका’ हे बटण मुळीच नको आहे. आपल्यातले काही उत्साही सदस्य आठवून मी ते ठेवलंच नाही.

माहिती साठवायला मी एसक्यूलाइट वापरलं. तेही पायथॉनसोबतच येतं, सर्व्हर वगैरे काही लागत नाही, सगळी यादी एका फाइलीत. इथली आपटी मोठी होती. एका शनिवारी दुपारी दीड वाजल्यापासून संध्याकाळपर्यंत मी आणि आमच्या वर्गातल्या दोघींनी रजिस्टर वाचून बेचाळीस पुस्तकं भरली. प्रत्येक वेळी ‘जतन झालं’ असं दिसत होतं. कारण तसं दाखवायची ओळ मीच लिहिली होती. सोमवारी उघडलं तर यादी कोरी. एसक्यूलाइटला बदल सांगितले की ते बदल मनात धरतं. कमिट म्हटल्याशिवाय फाइलीत उतरवत नाही. मी कमिट कुठेच म्हटलं नव्हतं. मॅडमच्या बारीक, तिरक्या अक्षरातलं ते रजिस्टर परत पहिल्या पानापासून वाचताना दोघी माझ्याशी बोलत नव्हत्या. तेव्हापासून ‘जतन झालं’ ही ओळ कमिटच्या खाली आहे, वर नाही. आणि दाखवायच्या आधी प्रोग्राम फाइलीतून मोजून आणतो, किती पुस्तकं झाली ते.

त्या ‘जतन झालं’वरूनच अजून एक. मला ते तीन सेकंद दिसून नाहीसं व्हायला हवं होतं. मी लिहिलं: दाखव, तीन सेकंद झोप, पूस. खिडकी तीन सेकंद गोठली, अक्षरं दिसलीच नाहीत, कुणी अधीर होऊन चार वेळा क्लिक केलं तर ‘प्रतिसाद देत नाही’ असं विंडोज म्हणायला लागलं. विचार केला तर सरळ आहे. वेटरलाच मी झोपायला सांगितलं. मग टेबलांकडे कोण बघणार? त्याऐवजी ‘आफ्टर’ असतं: तीन हजार मिलिसेकंदांनी हे काम कर असं सांगून ठेवायचं आणि वेटरला मोकळं सोडायचं. वेळ खाणारं कुठलंही काम, मोठी फाइल वाचणं, इंटरनेटवरून काही आणणं, हे मेनलूपच्या रस्त्यात बसून करायचं नाही.

इथवर मी लॅबच्या विंडोज मशीनवर होते आणि सगळं गोड चाललं होतं. प्रोग्राम चालायला हवा होता मात्र मंडळाच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर. तो फार हळू झाला म्हणून एका सीनियरनं त्यावर कधीच उबुंटू टाकून ठेवलेलं. पेनड्राइव्हवरून फाइल नेली, चालवली आणि खिडकी उघडली.

‘कविता’ या शब्दातली वेलांटी ‘व’ला सोडून ‘त’च्या डोक्यावर जाऊन बसली होती. ‘पुस्तक’मधला ‘स्त’ फुटून पाय मोडका ‘स्’ आणि वेगळा ‘त’. ‘साहित्य’चं काय झालं होतं ते लिहूनही दाखवता येत नाही. यादी करायला निघालो होतो ती मराठी पुस्तकांची, आणि खिडकीत मराठीच उभी राहत नव्हती. मला आधी वाटलं फॉन्ट नाही. एक टाइपचा ‘मुक्ता’ टाकला, छान फॉन्ट आहे, फुकट मिळतो. अक्षरांचं वळण बदललं, विस्कटलेपण तसंच.

शेजारी माझी एक तेलुगू मैत्रीण बसली होती, ती कॉम्प्युटर सायन्सला आहे. ती म्हणाली, ‘ठैर, मेरा नाम डालके देखती.’ तिच्या नावात जोडाक्षर आहे. तेही फुटलं. इंग्रजीत टाकलं तर ठीक. म्हणजे दोष मराठीचा नाही आणि माझ्या टायपिंगचाही नाही. मग तिनं बोट दाखवलं ते खिडकीच्या अगदी वरच्या पट्टीकडे. तिथे मी ‘मराठी साहित्य मंडळ’ असं नाव दिलं होतं आणि ते अगदी स्वच्छ, जोडाक्षरांसकट दिसत होतं! एकाच पडद्यावर, एकाच क्षणी, वर बरोबर आणि दोन बोटं खाली चूक. वरची पट्टी उबुंटू स्वतः रंगवतं, आतली अक्षरं टीके रंगवतं. म्हणजे कॉम्प्युटरला देवनागरी येत होती, टीकेला तिथे येत नव्हती.

हे ‘येणं’ म्हणजे काय, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ घरं आहेत. त्यात ‘स्त्री’ला घर नाही. ‘स्त्री’ साठवली जाते सहा तुकड्यांत: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. पायथॉनला तिची लांबी विचारा, तो सहा सांगतो. ऱ्हस्व वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो, पण साठवली जाते अक्षराच्या नंतर, उच्चाराच्या क्रमानं. हे तुकडे घेऊन, फॉन्टमध्ये लिहिलेले नियम वाचून, कुठला आकार कुठे बसवायचा हे ठरवणारा एक कारागीर मध्ये असावा लागतो. विंडोजवर हे काम विंडोज करून टाकतं, म्हणून लॅबमध्ये मला काही कळलं नाही. लिनक्सवर आमच्या मशीनवरचं टीके तुकडे जसे आले तसे ओळीनं ठेवून मोकळं होत होतं.

वसईच्या घरात वाढलेल्या माझ्या आजीकडून मी फादर स्टीफन्सचं नाव लहानपणापासून ऐकलंय. क्रिस्तपुराण पुढे अभ्यासाला आलं. ते १६१६ साली रायतूरला छापलं ते रोमन लिपीत. का, ते स्टीफन्सनी आधीच सांगून ठेवलेलं आहे. १६०८ साली त्यांनी रोमला आपल्या वरिष्ठांना पत्र लिहिलं, त्यात या देशाच्या भाषेत आणि याच देशाच्या लिपीत पुस्तकं छापावीत ही आपली बऱ्याच वर्षांची इच्छा असल्याचं लिहिलं, आणि अडचणही: युरोपात चोवीस साचे पुरतात, इथे सहाशेच्या आसपास ओतावे लागतील. क्रिस्तपुराण वर्गात शिकताना हा आकडा मी तळटीप म्हणून वाचला होता. मंडळाच्या खोलीत ती फुटकी ‘स्त्री’ बघताना तो आठवला. सहाशे साच्यांचं काम आज १२८ घरं आणि एक कारागीर मिळून करतात. कारागीर गैरहजर असला की आपण १६०८ मध्ये.

त्या कारागिरांपैकी सगळ्यात प्रसिद्ध एकाचं नाव हार्फबझ. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिबरऑफिस, सगळीकडे तोच अक्षरं जुळवतो. नाव विचित्र वाटलं तर हैदराबादी कानानं ऐका: हर्फ-बाज. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडं. ओपनटाइप या फॉन्टच्या प्रकाराचं केलेलं फारसी भाषांतर. बेहदाद एस्फहबोद या मूळ इराणी प्रोग्रामरनं ते ठेवलं. आमच्याकडे रिक्षावालाही हर्फ म्हणतो, त्यामुळे मला हे नाव एकदम घरचं वाटलं.

तर मी टीके सोडून क्यूटीकडे गेले. हे दोन नॉर्वेजियन माणसांनी सुरू केलेलं सामान, १९९५ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आलं. ते आतून हार्फबझ वापरतं. पायथॉनमधून वापरायला पायसाइड नावाचा दरवाजा आहे, तो पिपनं उतरवून घ्यायचा. नावं बदलतात: एन्ट्रीच्या जागी लाइनएडिट, बटणाच्या कमांडच्या जागी ‘क्लिक्ड’ला फंक्शन ‘कनेक्ट’ करायचं. वेटर तोच. कंस न लावायचा नियमही तोच. खिडकी उघडली आणि ‘कविता’ची वेलांटी तिच्या जागी होती. मैत्रीण म्हणाली, ‘बस? इतनेच के वास्ते रो रही थी?’

मग तुम्ही थेट क्यूटीपासूनच सुरू करावं का? माझं मत, नाही. टीकिंटर लहान आहे, पहिल्या आठवड्यात हरवायला होत नाही. विंडोजवरच काम असेल तर कदाचित पुढे जायची गरजही पडणार नाही. पण एक चूक माझी टाळा. खिडकीचं कोड आणि यादीचं कोड मी एकाच फाइलीत कालवून ठेवलं होतं, त्यामुळे सामान बदलताना सगळंच परत लिहावं लागलं. पुस्तक भरणं, शोधणं, परत घेणं ही कामं एका फाइलीत ठेवा, जिला खिडकी नावाची गोष्ट माहीतच नसेल. दुसऱ्या फाइलीत फक्त खिडकी.

गंमत म्हणजे पायथॉन ३ मध्ये फंक्शनांना देवनागरी नावं देता येतात. माझ्या फाइलीत ‘पुस्तक_भर’, ‘परत_घे’ अशी नावं आहेत आणि ती चालतात. इफ, फॉर वगैरे मात्र इंग्रजीच.

अकारविल्ह्याचं राहिलं. सगळं प्रकरण सुरू झालं ते तिथूनच, म्हणून मी मोठ्या उत्साहानं पायथॉनला यादी लावायला सांगितली. त्यानं ‘काळ’ आधी आणि ‘कावळा’ नंतर लावला. पायथॉन बघतो घरांचे नंबर, आणि युनिकोडमध्ये ‘ळ’चं घर ‘ल’च्या मागोमाग, ‘व’च्या आधी आहे. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’ नंतर. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’चं तर घरच नाही, ‘क्षमा’ सापडते ‘क’च्या शेवटी, ‘ज्ञान’ ‘ज’च्या शेवटी. यावर उपाय शाळेतला: मराठी वर्णमाला क्रमानं एका ओळीत लिहायची, शेवटी ह, ळ, क्ष, ज्ञ, आणि पायथॉनला सांगायचं की नंबर तुझ्या घरांचे नको, या ओळीतले घे. लावायच्या आधी क्ष आणि ज्ञ यांना एकेक अक्षर समजायला लावावं लागतं. वीसेक ओळींचं काम आहे, पण मला सगळ्यात जास्त अभिमान त्याचाच आहे.

आणि शोध. ‘ॲ’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकतर ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं, नाहीतर ‘अ’ वर वेगळी चंद्रखूण. डोळ्याला दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. एकीनं एका तऱ्हेनं भरलं, दुसरीनं दुसऱ्या तऱ्हेनं शोधलं, की पुस्तक ‘नाही’. म्हणून जतन करतानाच आणि शोधतानाही सगळे एका रूपात आणून घेते. तुम्ही मराठी नावांचं काहीही करणार असाल, विद्यार्थ्यांची यादी, लग्नाचं आमंत्रण, हे पहिल्या दिवशीच करून टाका.

‘एवढं करण्यापेक्षा एक्सेलच नीट वापरलं असतं तर?’ असं पप्पांनी विचारलं. एकट्या माणसाची यादी असेल तर एक्सेलच वापरा, मी भांडणार नाही. आपल्या कपाटाला दर वर्षी नवे तीन हात लागतात, आणि त्यांपैकी कुणालाही आधीच्यानं काय केलं ते ठाऊक नसतं.

यादी वेळेत छापून ग्रंथालयात दिली. ग्रंथपालांनी ती कपाटाशी ताडून पाहिली आणि पुस्तकं आत घेतली. तळमजल्यावर, खिडकीजवळचा रॅक मिळालाय. एकोणीस पुस्तकं मात्र रजिस्टरमध्ये आहेत आणि कपाटात नाहीत. शेवटचं कुणी नेलं ते मॅडमनी प्रत्येकापुढे लिहून ठेवलेलं, त्यामुळे तीही नावं मी भरली. खिडकीत ती ओळ लाल दिसते. शनिवारी दुपारी दोननंतर मी खोलीत असते, येताना पुस्तक घेऊन या, ‘परत आलं’ हे बटण तुमच्यासमोर दाबते.